हरभऱ्याएवढी गोळी

कल्याणच्या बंदरावर पडाव आणि मचवे अशा मालाच्या होड्या बांधणारे सुतार तेव्हा पाच-सहा होते, पण नाळेजवळची, पुढच्या टोकाची फळी वाकवायची असली की नाखवे विश्रामकडेच यायचे. ओल्या फळीला खालून मंद जाळ द्यायचा, वरून पाणी मारत राहायचं, आणि लाकूड कधी ऐकायला तयार झालं ते हाताला कळायला हवं. विश्रामला ते कळायचं. रेल्वे येऊन तीस वर्षं झाली होती, भात आणि मीठ हळूहळू आगगाडीच्या वाघिणींतून जायला लागलं होतं, तरी खाडीतली वाहतूक थांबली नव्हती.

विश्रामची बायको शेवंती. दोन मुली लग्न होऊन सासरी गेलेल्या. धाकटा भाऊ मारुती भिंतीला भिंत लावून शेजारी राहायचा आणि विश्रामच्याच हाताखाली काम करायचा.

माघातली गोष्ट. दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी एक मोठा पडाव उभा राहत होता. सागाची लांब फळी चौघांनी उचलली होती. एका टोकाला विश्राम, दुसऱ्या टोकाला वाकून खाली शिरलेला मारुती. ओहोटीच्या चिखलात विश्रामचा पाय सरकला. त्यानं फळी सोडली असती तर ती मारुतीच्या मानेवर गेली असती. त्यानं सोडली नाही. सरकत्या पायावर अर्धा वळून त्यानं ती तशीच पेलून धरली, आणि कमरेच्या खाली, माकडहाडाच्या जरा वर, आत काहीतरी सटकलं. आवाज आला नाही, पण त्याला तो ऐकू आल्यासारखा वाटला. फळी खाली ठेवेपर्यंत तो उभा होता. मग गुडघ्यावर बसला, आणि तिथून त्याला उठता आलं नाही.

"उसण भरली असेल," मारुती म्हणाला. बाकीच्यांनी त्याला त्याच फळीवर घालून घरी आणलं.

उसण दोन दिवसांत उतरते. ही उतरली नाही. उलट तिसऱ्या दिवसापासून दुखणं कमरेतून निघालं आणि डाव्या कुल्ल्यातून, मांडीच्या मागून, पोटरीतून थेट करंगळीपर्यंत गेलं. तापलेली तार ओढावी तसं. खोकला आला की तार पेटायची. शिंक यायची भीती वाटायची. बसता येईना, पाठीवर निजता येईना. उजव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. ज्या माणसानं लाकडाचा एवढा भार उचलला होता त्याला परसात नेताना शेवंतीच्या खांद्यावर लोंबकळावं लागायचं, आणि त्याची त्याला इतकी लाज वाटायची की तो दिवसदिवस पाणी प्यायचा नाही.

उपाय झाले. तिळाच्या तेलानं चोळलं, विटा तापवून शेकलं. मोहने गावाहून हाडं बसवणारा एक जण आला, त्यानं गुडघा छातीशी दाबून पाय झटक्यानं ओढला, आणि विश्राम असा ओरडला की शेजारच्या बायका दारात जमल्या. त्यानंतर पायाची बोटं बधिर झाली ती झालीच. मग कोणीतरी सांगितलं म्हणून लोखंडाची सळई तापवून कमरेवर दोन डाग दिले. डाग चिघळले, बरे झाले. दुखणं होतं तिथंच राहिलं.

चैत्रात मुंबईहून आलेल्या एका गलबताचा तांडेल त्याला बघायला आला. विश्रामनं बांधलेल्या गलबतावर त्यानं वीस वर्षं काढली होती. त्यानं कनवटीची डबी काढली, आतल्या काळ्या गोळ्यातून नखानं मुगाएवढा कण काढला आणि विश्रामच्या जिभेवर ठेवला. "कडू लागेल. गिळा," म्हणाला.

अर्ध्या घटकेनं विश्रामनं पाय लांब केला. शेवंती चुलीशी होती. तिला मागून त्याचा आवाज आला, "शेवंते, इकडे बघ." ती वळली तर तो पाठीवर निजला होता, दोन्ही पाय सरळ. डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहत होतं. "गेलं," तो म्हणाला. "आहे, पण लांब आहे. शेजारच्या घरात कोणाचं तरी दुखतंय असं वाटतंय."

त्या दिवशी तो तिच्यासमोर बसून जेवला. शेवंतीनं त्या तांडेलाला मनातून इतके आशीर्वाद दिले की पुढे कितीतरी दिवस तिला त्याच्यावर रागावताच येईना.

अफू सरकारी ठेक्याच्या दुकानात मिळत होती, त्यात चोरीमारी काही नव्हती. गावातले निम्मे म्हातारे गुडघ्यासाठी घेत, बायका रडक्या पोरांना चाटवत. मुगाएवढा कण वैशाखात तुरीएवढा झाला आणि ज्येष्ठात हरभऱ्याएवढा, सकाळी एक, संध्याकाळी एक. विश्राम काठी घेऊन बंदरावर जायला लागला. बसून काम सांगायचा, जमेल तेवढं करायचा. पण ज्या हाताला लाकूड कळत होतं त्याला आता ते उशिरा कळायला लागलं. लाकूड तासायचा वाकस चालवताना एकदा पातं डाव्या नडगीत गेलं आणि तो तासतच राहिला. खालच्या भुशाचा रंग बदललेला बघून मारुतीनं त्याचा हात धरला. बोलताबोलता त्याची हनुवटी छातीवर टेकायची. अंग खाजवून खाजवून लाल व्हायचं. पोट चार-चार दिवस साफ होत नव्हतं.

त्याला हे कळत नव्हतं असं नाही. एका दुपारी त्यानं डबी शेवंतीच्या हातात दिली.

"ही तुझ्याकडे ठेव. गोळ्या तू वळ, तू मोजून दे. मी मागितली तरी जास्त देऊ नको."

"आणि तुमी ओरडलात तर?"

"तरी नाय."

पंधरा दिवस ठीक गेले. मग आषाढाच्या तोंडाला, आभाळ कोंडून आलेल्या दिवसांत, दुखणं वाढलं. निदान तो म्हणाला की वाढलं. दुपारीच त्यानं गोळी मागितली. ती नाही म्हणाली. तो आधी समजुतीनं बोलला, मग ओरडला, मग त्यानं भांडं फेकलं. आणि मग तो जमिनीवरून सरपटत आला आणि त्यानं तिचे पाय धरले. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. या माणसानं तिच्यापुढे कधी मान वाकवली नव्हती. तिनं भरभर डबी उघडली आणि त्याला एक सोडून दोन गोळ्या दिल्या, फक्त त्यानं पाय सोडावेत म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्याला त्यातलं काही आठवत नव्हतं. "भांडं कशानं चेपलं गं?" त्यानं विचारलं.

त्याच दिवशी ती शेणाळे तलावाच्या काठी राहणाऱ्या हरिहरशास्त्री वैद्यांकडे गेली. शास्त्री सत्तरीचे, विश्रामला लहानपणापासून ओळखणारे. तिचं सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "गृध्रसी आहे ही, कमरेतून पायात उतरणारा वात. काहींची वर्षभरात आपोआप निवते, काहींची जन्मभर राहते. त्याची कोणती ते मला सांगता येणार नाही."

"पण आता जे दुखतं ते खरं का? की अफूच मागते?"

"तेही मला सांगता येणार नाही. त्यालाही सांगता येणार नाही. अफू बंद झाली की जे दुखतं तेसुद्धा दुखणंच असतं, शेवंताबाई." ते उठून औषधांच्या फडताळाकडे गेले. "एकदम बंद करू नका. तो वेडापिसा होईल. कमी करा."

"त्यांना सांगून कमी होणार नाय. कालच बघितलं मी."

"मग न सांगता करा."

त्यांनी तिला काळं, घट्ट आटवलेलं औषध दिलं: ज्येष्ठमध, काडेचिराईत, चिमूटभर काळा बोळ. दिसायला अफूसारखं, चवीला कडू. "आठ दिवसांची अफू घ्यायची. तिचे सोळा भाग करायचे. एक काढून टाकायचा, तेवढंच हे घालायचं, एकत्र मळून पहिल्याएवढ्याच गोळ्या वळायच्या. पुढच्या आठवड्यात दोन भाग. घाई करायची नाही. एखाद्या आठवड्यात फार त्रास झाला तर तिथंच थांबायचं, पण मागं यायचं नाही."

"आणि विचारलं त्यांनी तर?"

"विचारलं तर गोळी तीच आहे म्हणायचं. नाही विचारलं तर गप्प राहायचं."

घरी येताना औषधाची पुडी तिच्या ओच्यात होती. तिला वाटत होतं की रस्त्यातल्या प्रत्येकाला ती दिसते आहे.

पहिले तीन आठवडे विश्रामला काही कळलं नाही. श्रावणात कळायला लागलं. सकाळी उठला की नाक वाहायचं, जांभयांवर जांभया यायच्या, अंगावर काटा उभा राहायचा. पाय निजल्या जागी झटके द्यायचे. तो म्हणायचा, "आज गोळी लागलीच नाय. ठेकेदार भेसळ करतोय. गोळी तीच आहे का?"

"गोळी तीच आहे," शेवंती म्हणायची.

"मग मलाच काय होतंय? डोकं फिरलंय का माझं?"

"हवा वाईट आहे. निजा, मी पाय दाबते."

ती तासन् तास पाय दाबायची. त्याच्या तोंडाकडे न बघता दाबायची. एकदा तो लहान मुलासारखा रडत म्हणाला, "तुला खोटं वाटतं का गं? खरंच दुखतंय." तेव्हा ती उठून परसात गेली आणि केळीच्या मागे उभी राहिली. आत येताना तिनं ठरवलं होतं की आता सांगून टाकायचं. आत आली तर त्याचा डोळा लागला होता. तिनं सांगितलं नाही. त्या आठवड्यात तिनं भाग वाढवला नाही, एवढंच.

भाद्रपदात नववा भाग घातला, अश्विनात अजून दोन. आणि मग माणूस हळूहळू परत यायला लागला. आधी भूक आली. मग पोट मोकळं व्हायला लागलं. एक दिवस त्यानं मारुतीच्या बायकोची नक्कल केली आणि स्वतःच हसला. दुखणंही त्याच सुमाराला निवत होतं. करंगळी बधिरच होती, खाली वाकता येत नव्हतं, पण पायातली तार आता तासातासाला पेटत नव्हती. दिवाळीनंतर सोळातले चारच भाग अफू उरली होती. गोळी दिसायला पूर्वीइतकीच, हरभऱ्याएवढी. विश्राम येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "या अफूनं मला उभा केला. लोक उगाच नावं ठेवतात. नियमानं घेतली की औषध आहे."

शेवंती ऐकायची आणि भाकरी थापायची. एवढा आनंद तिला कित्येक महिन्यांत झाला नव्हता, आणि तो सांगायला माणूस नव्हता.

मार्गशीर्षात ठाण्याच्या चेंदणी बंदरातल्या उत्तम नाखव्याचा निरोप आला. नवा मचवा घालायचा होता, विश्रामनं लाकूड निवडून द्यावं आणि माप आखून द्यावं, हात दुसऱ्यांनी लावावेत. दहा महिन्यांत पहिल्यांदा त्याला कोणी कामाला बोलावलं होतं. मारुतीला बरोबर घेऊन तो आगगाडीनं ठाण्याला गेला. शेवंतीनं पाच दिवसांच्या दहा गोळ्या डबीत घालून दिल्या.

तिसऱ्या दिवशी चेंदणीच्या बंदरावर होडीतून उतरताना डबी कनवटीतून निसटली आणि खाडीत गेली. त्यानं ते मारुतीला सांगितलंसुद्धा नाही. लाकूड निवडायचं राहिलं होतं. अफूसाठी काम टाकून दुकान शोधत फिरणारा माणूस म्हणून त्याला नाखव्यापुढे उभं राहायचं नव्हतं. तो दिवस आणि दुसरा दिवस त्यानं तसाच काढला. काम पुरं केलं. पाचव्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोघं निघाले तेव्हा गाडीच्या प्रत्येक धक्क्याला पायातली तार पेटत होती आणि त्याचे दात वाजत होते. कल्याणला उतरल्यावर तो मारुतीला म्हणाला, "तू सामान घेऊन पुढे हो." आणि ठेक्याच्या दुकानावरून घरी गेला.

घराला नुसती कडी होती. शेवंती धुणं घेऊन शेणाळ्यावर गेली होती. त्यानं आणलेल्या अफूचा कागद उलगडला, रोजच्या मापाची गोळी वळली, हरभऱ्याएवढी, आणि गिळली. थोडा वेळ वाट बघितली. दोन दिवस गोळी चुकली होती, म्हणून त्यानं आणखी एक वळली.

शेवंती आली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. तो भिंतीशी पाठीवर निजला होता. घोरत होता, पण ते घोरणं निराळं होतं: एक लांब श्वास, मग काहीच नाही, मग पुन्हा एक. जवळ कागद पडला होता आणि कागदावर काळा गोळा. तिनं तो उचलून नाकाशी नेला. ज्येष्ठमधाचा वास नव्हता.

"अवो! ऐकताय का? उठा!"

त्यानं डोळे अर्धवट उघडले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. "दोनच गोळ्या," असं काहीतरी तो पुटपुटला आणि त्यानं डोळे पुन्हा मिटले.

ओल्या लुगड्यानिशी ती मारुतीच्या दारात गेली. "भावोजी, त्यांनी दोन गोळ्या घेतल्यात. डॉक्टरांना आणा. आत्ता."

मारुती जेवायला बसत होता. येऊन त्यानं बघितलं आणि त्याला हायसं वाटलं. "वहिनी, घाबरलात काय? अफू घेतलीय त्यानं. गाडीत फार दुखत होतं. झोपू दे. दोन गोळ्या म्हणजे त्याला काय? सवय आहे."

आजूबाजूच्या दोघीतिघीही आल्या होत्या. त्याही म्हणाल्या, झोपेल नि उठेल. शेवंती दाराला धरून उभी राहिली. ती गप्प बसली असती तर तिचं गुपित तिच्याजवळ राहिलं असतं, आणि तो झोपेतच गेला असता.

"सवय नाय त्यांना," ती म्हणाली. "सुटलीय."

"काय बोलताय?"

"पाच महिने मी कमी करत आणलीय, आता गोळीत पावच अफू होती. बाकीचं औषध होतं, शास्त्रीबुवांचं. त्यांना ठाऊक नाय. ही खरी अफू आहे, भावोजी. आणि त्यांनी दोन घेतल्यात. पळा!"

मारुती तिच्याकडे बघत राहिला, फक्त एक क्षण. मग अनवाणीच धावला.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर घोड्याच्या टांग्यातून आले. तरुण होते, चष्मा लावायचे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, "रोज किती घेतो?" आणि शेवंतीनं पुन्हा, सगळ्या शेजाराच्या देखत, सांगितलं. त्यांनी मान हलवली. "बरं झालं सांगितलंत. नाहीतर मीही थांबलो असतो."

दोघांनी धरून त्याला बसवलं. मोहरीचं कोमट पाणी घोटाघोटानं पाजलं. तो ओकला, काळं पाणी पडलं. दवाखान्यातून दाट कॉफी आली, ती पाजली. "आता याला झोपू द्यायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "झोपला की श्वास घ्यायला विसरेल. चालवा. मी सांगेपर्यंत थांबू नका."

एका बाजूनं मारुती, दुसऱ्या बाजूनं शेवंती. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. विश्रामचे पाय जमिनीवरून फरफटत होते. डोक्यावर पाणी मारलं की तो चार पावलं टाकायचा, मग सगळा भार त्यांच्या खांद्यांवर. मारुती त्याच्या कानात ओरडत होता, "दादा, फळी धर! दादा, सोडू नको!" चिमटे काढले, गालावर मारलं. हळूहळू तो चिमट्यालाही ओ देईना. श्वासांमधलं अंतर वाढायला लागलं. शेवंती ते मोजत होती. सहा आकडे, आठ आकडे, अकरा.

"खाली निजवा त्यांना," ती एकदम म्हणाली.

"वहिनी, डॉक्टर म्हणालेत..."

"निजवा म्हणते ना!"

अंगणात पाठीवर निजवलं. तिनं त्याचा डावा पाय दोन्ही हातांनी धरला, गुडघा वाकू न देता सरळ ठेवला आणि तसाच वर उचलला. दहा महिने तिनं हा पाय जपला होता. कोणता कोन झाला की तार पेटते ते तिला त्याच्याइतकंच ठाऊक होतं. त्या कोनापर्यंत तिनं पाय नेला, आणि मग त्याच्याही पुढे नेला.

विश्राम किंचाळला. डोळे उघडले. छाती भरून श्वास आत गेला.

डॉक्टर वाकून बघत होते. "पुन्हा," ते हलकेच म्हणाले.

तिनं पुन्हा केलं. दिवेलागणीपर्यंत ती हेच करत राहिली. चालवायचं, भार आला की निजवायचं, पाय उचलायचा, तो ओरडला की पुन्हा उभं करायचं. मारुती थकला तेव्हा शेजारचा एक माणूस त्याच्या जागी आला, शेवंती मात्र जागेवरून हलली नाही. एकदा विश्राम तिच्याकडे बघून म्हणाला, "का छळतेस गं?" शब्द स्पष्ट होते. डॉक्टरांनी नाडी सोडली आणि पहिल्यांदाच ओट्यावर बसले. "वाचला," ते म्हणाले.

खरं तर सगळं त्याच्यानंतरच अवघड झालं.

पहिले दोन दिवस त्याला ताप होता, अंग ठणकत होतं. तिसऱ्या दिवशी मारुतीनं त्याला सगळं सांगितलं. शेवंती तेव्हा आत होती, तिला ऐकू येत होतं. मग त्यानं हाक मारली.

"श्रावणात," तो म्हणाला, "मी विचारलं होतं. गोळी तीच आहे का?"

"हो."

"तू म्हणालीस, तीच आहे."

"म्हणाले."

"मला वाटलं मी वेडा होतोय. खरंच वाटलं होतं. खाडीत जाऊन पडावं असंसुद्धा एकदा मनात आलं. तू पाय दाबत बसली होतीस. तुला ठाऊक होतं कशानं दुखतंय ते, आणि तू म्हणालीस हवा वाईट आहे."

तुमची अफू सुटावी म्हणून केलं, हे शेवंतीला म्हणता आलं असतं. पण परवा अंगणात जे झालं ते त्यातूनच झालं होतं, आणि तो ते बोलला नव्हता. तो फक्त श्रावणातलं बोलत होता.

त्या दिवसापासून त्यानं तिच्या हातचं औषध घेतलं नाही. जेवायचा, पण काही हवं असलं तर मारुतीला सांगायचा, आणि मारुती ते आत येऊन खाली मान घालून सांगायचा. डबी आता त्याच्याच उशाशी असायची. अफू एकदम सोडू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. विश्राम स्वतः पाव गोळी मोजायचा, मुगाएवढी, आणि ती मोजताना दाराकडे पाठ करायचा.

हरिहरशास्त्री काठी टेकत एकदा येऊन गेले. विश्रामपुढे बसून म्हणाले, "तिला बोलू नकोस. चूक माझी. बाहेरची अफू घेतलीस तर काय होईल हे मी तिला सांगायला हवं होतं. माझ्या ध्यानातच आलं नाही."

"तुमची चूक निराळी, बुवा," विश्राम शांतपणे म्हणाला.

पौष गेला, माघ आला. चेंदणीचा मचवा मारुतीनं विश्रामच्या मापांवर बांधायला घेतला. विश्राम आठवड्यातून एकदा जाऊन बघून यायचा. उचलणं, वाकणं सुटलंच होतं. आता तो काठीनं चुका दाखवायचा. एका दुपारी तो परत आला तो पायरीवरच बसला, आत यायला उठवेना. शेवंती दारात आली. नेहमीप्रमाणे ती विचारणार नव्हती, तोही सांगणार नव्हता.

"दुखतंय," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता, पण तिलाच.

ती पायरीवर त्याच्या शेजारी बसली, मध्ये हातभर जागा ठेवून. "फार?"

"फार नाय. चिखल तुडवत आलो, म्हणून."

"शेक देऊ?"

"थांब जरा."

समोरून तांदळाच्या गाड्या बंदराकडे चालल्या होत्या. त्या गेल्यावर त्यानं विचारलं, "ते काळं औषध कसं करायचीस? किती भाग?"

तिनं सांगितलं. सोळा भाग, आठ दिवसांनी एक, श्रावणात एक आठवडा थांबले होते. तो ऐकत होता, माप ऐकावं तसं, बोटांवर घेत.

"उरलेत चार," तो म्हणाला. "ते मी काढतो. तू मळ, पण माझ्यासमोर. आणि किती घातलंय ते मला सांगायचं."

"सांगीन."

"ज्या आठवड्यात नाय जमणार तेव्हा नाय जमणार."

"बरं."

थोड्या वेळानं तिनं विचारलं. आषाढापासून तिच्या छातीवर बसलेला तो प्रश्न होता. "मी आषाढात तुमाला सांगितलं असतं, तर तुमी कबूल झाला असता?"

विश्रामनं बराच विचार केला. त्याला खोटं बोलायचं नव्हतं.

"नसतो झालो," तो म्हणाला. "डबी हिसकावून घेतली असती तुझ्याकडून."

मग काठी टेकून उठताना त्यानं दुसरा हात तिच्या खांद्यावर ठेवला, भार सगळा टाकला, आणि म्हणाला, "तरी सांगायला हवं होतंस."

ती त्याला धरून आत घेऊन गेली.